ब्रिटिशकालीन दगडी पूल: डागडुजी किती वर्षं करत बसायची?

रायगडी वाटसरू

विषय जुना आहे, पण दर पावसाळ्यात तोंड वर काढतो म्हणून धागा काढतोय.

मुंबई-गोवा हायवेवर महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी आणि एक तवेरा त्याच्याबरोबर गेल्या. पूल 1928 चा, दगडी कमानींचा. शेजारीच बऱ्याच नंतर बांधलेला दुसरा पूल होता, तो त्याच पुरात जागचा हलला नाही. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात जुन्या पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचं नोंदवलं होतं, हे खुद्द सरकारनेच सांगितलं.

माझं म्हणणं सरळ आहे. हायवेवरचा पंच्याहत्तरी ओलांडलेला प्रत्येक दगडी पूल जड वाहतुकीला बंद करा आणि तिथे नवा बांधा. दुरुस्तीवर एक रुपया घालू नका. हे पूल बांधले तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि चार-दोन मोटारी होत्या. आज तीन अ‍ॅक्सलचा ट्रक कायदेशीरपणे 28.5 टन वजन घेऊन जातो, 2018 पर्यंत ही मर्यादा 25 टन होती. बेकायदेशीर किती जातो ते खाडीपट्ट्यात राहणाऱ्याला विचारा. मूळ नकाशे बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत. आणि नवा पूल होत नाही असंही नाही. सावित्रीवर 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला वाहतूक सुरू झाली. मनावर घेतलं की होतं.

कृष्णाकाठ

असहमत. आमच्या सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, म्हणजे तुमच्या सावित्रीच्या पुलापेक्षा एका वर्षाने धाकटा. तोही दगडी कमानींचाच. 2005 चा पूर बघितला, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं (धोका पातळी 45 फूट). पूल जागच्या जागी. सांगलीकर आजही 'आयर्विनला किती फूट?' एवढंच विचारून माळ्यावर सामान चढवायचं का ते ठरवतो. वयावरून पूल पाडायचे तर आधी हा पाडावा लागेल. कशासाठी?

रायगडी वाटसरू

आयर्विनवर जड वाहतूक बंद आहे, हे सांगायचं राहिलं तुमचं. म्हणजे मी म्हणतो तेच तिथे केलंय.

शिवाय नदी नदीत फरक असतो हो. कृष्णा आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्याच. पण कृष्णा पठारावरून लांबचा पल्ला मारत सांगलीत येते, पाणी तासातासाला इंचाइंचाने चढतं, धरणातून किती सोडलं ते आदल्या दिवशी कळतं. सावित्री सरळ कड्यावरून खाली उडी घेते आणि काही तासांत महाडात. ओंडके, झाडं, दगड सगळं घेऊन. तिच्या पुलाला आयर्विनचं माप लावू नका.

गाळा क्र. ३

मी पूल-दुरुस्तीच्या डिझाइनमध्येच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

वाटसरू, नदीचा मुद्दा तुम्ही मांडलात आणि तोच तुमच्या मूळ मागणीच्या विरोधात जातो. दगडी कमान वजनाने सहसा पडत नाही. कमानीत दगडावर दाबच येतो, आणि दाब सोसणं हे दगडाचं कामच आहे. 28 टनांचा ट्रक गेल्याने कमान कोसळली अशी उदाहरणं शोधून काढावी लागतील. असे पूल जातात ते पायाखालून. पुरात पाण्याचा वेग वाढला की खांबाच्या नाकाशी भोवरा तयार होतो आणि तो तळाची वाळू, माती खरवडत खाली जातो. आमच्याकडे याला स्कावर म्हणतात. जुन्या पुलांचे पाये बहुधा उथळ, उघड्या खोदाईत भरलेले. खड्डा पायाच्या खाली गेला की खांब कलतो, आणि एक खांब कलला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात, कारण त्या एकमेकींना रेटूनच उभ्या असतात.

आता मे महिन्यातली पाहणी. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो. मे महिन्यात नदीत उतरलात तर तळ सपाट दिसतो, गुरं चरत असतात. वरून टॉर्च मारून काय दिसणार? दिसतो तो सैल गाळ, जो पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जातो. म्हणून 'धोका नाही' हा शेरा खोटाच असतो असं नाही, पाहणी चुकीच्या जागी झालेली असते. पायाशेजारी बोअर घेऊन पाया किती खोल आणि कशावर टेकलाय (खडक, मुरूम की वाळू) हे बघावं लागतं. पाणी असताना सोनारने तळ मोजावा लागतो. हे अशक्य किंवा फार महाग नाही, पण 'स्ट्रक्चरल ऑडिट' या नावाखाली जे चालतं त्यात बऱ्याचदा रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागाचा कडकपणा तपासणाऱ्या हातोडीचे) ठोके आणि रंगीत फोटोंची फाइल एवढंच असतं.

पाया खडकावर असेल तर पुलाला अजून पन्नास वर्षं सहज द्या. वाळूवर असेल आणि नदी सावित्रीसारखी असेल, तर तो साठीचा असो की तिशीचा, आधी पायाभोवती काँक्रीटचं जॅकेट, तळाला दगडांची एप्रन (फरशीसारखा थर), खालच्या अंगाला कर्टन वॉल (जमिनीत खोल नेलेली आडवी भिंत). तेही जमत नसेल तर बदला. वयाची सरसकट अट लावली की पैसे चांगल्या पुलांवर जातील आणि वाळूवरचा तिशीतला पूल यादीतच येणार नाही.

भटक्या विमुक्त

सावित्रीच्या पुलाचं आयुष्य संपलंय असं बांधणाऱ्या इंग्लंडच्या कंपनीचं पत्र आलं होतं म्हणे. आपल्या लोकांनी कचऱ्यात टाकलं.

गाळा क्र. ३

हे पत्र प्रत्येक जुन्या पुलाला आलेलं असतं. पाहिलेला माणूस मात्र अजून भेटला नाही.

मांडवीपार

गोंयकारांना यात एक आठवण आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल ब्रिटिशांचाही नव्हता आणि पोर्तुगीजांचाही. 1970 च्या सुमाराचा, तेव्हाचं आधुनिक प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट. 5 जुलै 1986 ला कोसळला. सोळा वर्षं! काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या केबल खाऱ्या हवेत गंजल्या आणि बाहेरून पत्ता लागला नाही. मग कित्येक वर्षं फेरीबोटी. 1983 चा जुवारी पूलही शेवटी शेवटी जड गाड्यांना बंद होता, शेजारी केबल-स्टेड नवा होईपर्यंत. 'नवा बांधा' म्हणजे सुटलो, असं आम्हाला तरी वाटत नाही.

रायगडी वाटसरू

मांडवीचा मुद्दा मान्यच करत नाही. 1970 चं ज्ञान आणि आजचं ज्ञान एक नाही. आज केबलच्या नळीत ग्राउट (सिमेंटचा पातळ घोळ) कसं भरायचं, खाऱ्या हवेत काँक्रीटचं कव्हर किती ठेवायचं, सगळ्याचे कोड आहेत.

लाल डबा

कोड आहेत ना? चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बांधता बांधता उड्डाणपूल कोसळला. गुजरातचा गंभीरा पूल 1985 चा, 2025 च्या जुलैत गाड्या नदीत. दोन्ही दगडी नव्हेत.

चुनखडी

दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते सांगतो, साइटवर उभं राहून बिलं लिहिलीत.

एका तालुक्यातला सहा गाळ्यांचा दगडी पूल. कमानीच्या वरच्या भिंतीत पिंपळ, मनगटाएवढा. दरवर्षी कोयत्याने छाटायचे, मुळं आत तशीच. मुळांनी दोन थर बाहेर ढकलले होते, फटीत हात जात होता. पाणी निघून जायची भोकं बंद, कारण डांबराचे थर एकावर एक चढत गेलेले. फावड्याने कड उकरली तर वीतभर जाडीचं डांबर निघालं, कठडा गुडघ्यापर्यंत आलेला. आतली भरणी पावसाचं पाणी पिऊन फुगते आणि बाजूच्या भिंतींना बाहेर रेटते. एस्टिमेटमध्ये काय होतं? पुन्हा एक डांबराचा थर, कठड्याला पिवळा-काळा पट्टा आणि दर्शनी भागाला सिमेंटचा गिलावा. चुन्याच्या जुन्या बांधकामावर कडक सिमेंट थापलं की आतली ओल आतच राहते. असं कोणीतरी कार्यालयात म्हणालं, तर 'डीएसआरमध्ये (सरकारी दरसूचीत) चुन्याचा आयटम दाखवा' असं उत्तर मिळालं.

डांबर खरवडून काढणं, भोकं मोकळी करणं, झाड मुळासकट काढून दगडांमधल्या फटी चुन्याने भरणं, एवढं केलं असतं तर पूल हलका आणि कोरडा झाला असता. पण यात मिरवण्यासारखं काही दिसत नाही ना. त्यामुळे वाटसरूंचा राग मला कळतो. अशी दुरुस्ती होणार असेल तर खरंच नको.

रायगडी वाटसरू

तेच तर! गाळा साहेब सांगतात ती दुरुस्ती पुस्तकातली, चुनखडी सांगतात ती रस्त्यावरची. मला रस्त्यावरचीच मिळणार आहे. मग मी नवाच मागणार.

अंधेरी पूर्व

नवा मागताना जरा जपून. आमचा गोखले पूल 2022 च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, पाडला, नवा अर्धा सुरू झाला 2024 च्या फेब्रुवारीत. आणि उघडल्यावर कळलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही, माणसाच्या उंचीएवढा फरक! रेल्वेच्या नव्या नियमाने गोखलेची उंची वाढवली, शेजाऱ्याला कोणी विचारलं नाही. शेवटी बर्फीवालाचा भाग जॅक लावून उचलला आणि जुलैत जोडला. दोन वर्षं अंधेरीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांनी काय भोगलं ते त्यांनाच ठाऊक. पूल एकटा नसतो, त्याला दोन्हीकडे रस्ते असतात.

खेडवाली

जोडरस्त्याचं बरं आठवलं. खेडजवळच्या जगबुडी नदीच्या जुन्या पुलावरून मार्च 2013 मध्ये खासगी बस खाली गेली, 37 माणसं गेली. त्या रात्री नदीला पूर नव्हता, पूलही पडला नाही. उतारावरून येऊन वळण घेत अरुंद पुलावर चढायचं, अशी ती जागा. तिथे पाया, कमान, चुना सगळं उत्तम असतं तरी काय फरक पडला असता? रस्त्याचं वळण न सुधारता नुसता पूल मजबूत करून उपयोग नाही. या बाबतीत मी वाटसरूंच्या बाजूने, नव्या आखणीत नवा पूलच हवा.

गाळा क्र. ३

खेडवाली, वळणाबद्दल पूर्ण सहमत. तिथे नवा पूल हवाच होता, पण कारण आखणीचं होतं, वयाचं नव्हतं.

वाटसरू, तुमची यादी घेऊ. सगळ्या दगडी पुलांना पर्याय बांधायचे ठरवलं तरी भूसंपादन, वनखात्याची परवानगी, टेंडर धरून वर्षं जातील. सावित्रीचे 165 दिवस हे अख्खा महाराष्ट्र बघत असतानाचे होते, तो नेहमीचा वेग मानू नका. मधल्या पावसाळ्यांचं काय? महाडनंतर केंद्राने देशभरातल्या लाखाहून अधिक पुलांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला. चांगलं केलं. त्या यादीत प्रत्येक पुलापुढे पायाची खोली आणि पाया कशावर आहे हे दोन रकाने भरा. जिथे भरता येत नाहीत ते पूल आधी घ्या.

रायगडी वाटसरू

रकाने भरेपर्यंत पावसाळे येणारच आहेत, तोच प्रश्न तुम्हालाही लागू. जिथे पाया माहीत नाही तो पूल मी धोक्याचाच धरणार, सुरक्षित नव्हे.

गाळा क्र. ३

धरा ना. मग पूर चढला की तो बंद करा. खांबावर पातळीची लाल रेघ मारा, पाणी रेघेला लागलं की दोन्ही टोकांना फाटक. जगबुडीवर धोका पातळीला वाहतूक थांबवतच होते.

खेडवाली

थांबवत होते, पण पोलीस हजर असले की. शहर जवळ होतं म्हणून जमायचं. सावित्रीचा पूल गेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते, धो धो पाऊस. त्या वेळी रेघ बघायला कोण उभं राहणार, ते आधी ठरवा. बांधकाम खातं म्हणणार महसूलचं काम, महसूल म्हणणार पोलिसांचं.

लाल डबा

आणि फाटक लागलं तर दोन्हीकडे अडकलेल्या गाड्या कुठे वळवायच्या, तेही.