एडीसीचा करंट वाचवून बॅटरी खरंच टिकते का?

तासगावचा बागवाला
मंडळी, द्राक्षबागेत ओलाव्याचे नोड बसवलेत, १५ मिनिटाला एक रीडिंग, लोरानं (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) घरी येतं. पोरगा इंजिनीअरिंगला आहे, तो मागं लागलाय एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) बदला म्हणून, नवीन चिपा फेम्टोज्यूलमधी (ज्यूलचा अगदी बारीक अंश) चालतात म्हणं. माझं मत विचाराल तर ही पेपरातली शर्यत आहे, शिवारात तिचा काय बी उपयोग नाही. कुणाला खोडायचं असेल तर खोडा.

मिरज सोल्डर
शंभर टक्के बरोबर दादा. प्रति स्टेप १० फेम्टोज्यूल आणि ११ खरे बिट (म्हणजे २०४८ स्टेप) धरा, एका रीडिंगला साधारण २० पिकोज्यूल (हजार फेम्टो म्हणजे एक पिको). आता बॅटरीचा व्होल्टेज मोजायला तुम्ही १०० के-१०० के चा डिव्हायडर (व्होल्टेज अर्धा करणारे दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर) लावला असणार (सगळेच लावतात), तो ४ व्होल्टला २० मायक्रोअँप रात्रंदिवस पितोय, म्हणजे ८० मायक्रोवॅट. सेकंदाला हजार रीडिंग घेतली तरी एडीसी २० नॅनोवॅट. ४००० पट फरक! आधी तिथं मॉस्फेटचा स्विच टाका, मोजतानाच चालू होणारा.

कुपवाडकर
थांबा की राव. १५ मिनिटाला एक रीडिंग घेणाऱ्यानं निकाल द्यायचा व्हय? मोटरच्या बेअरिंगचं व्हायब्रेशन बघायचं तर सेकंदाला १०-२० हजार सँपल, ते बी सतत, आणि रेडिओ तासातून एकदाच तोंड उघडतो, मग बॅटरी कोण खाणार, एडीसी आणि त्याला सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर अँपच ना. एडीसीचे संशोधक बोरिस मुरमान यांची १९९७ पासूनच्या चिपांची यादी बघा, प्रति स्टेप ऊर्जा शेकडो पटीनं खाली आलीय, ती काय उगंच?

मिरज सोल्डर
ड्रायव्हरचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं 😄 एसएआरचा (एडीसीचा एक नेहमीचा प्रकार) इनपुट म्हणजे कपॅसिटर, दर सँपलला तो झटक्यात भरायचा, आणि ते काम करतो बाहेरचा अँप. त्याची वीज आणि रेफरन्स बफरची (तुलनेचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) वीज पेपरातल्या आकड्यात बऱ्याचदा धरतच नाहीत.

साताऱ्याचा
दोघं बी बिटांचं विसरताय. नॉइजची मर्यादा आली की एक बिट वाढवायला ऊर्जा चौपट, १२ चे १६ केले की २५६ पट. मातीत प्रोब वीतभर सरकवला तरी रीडिंग बदलतं, तिथं लोक एडीएस१११५ (१६ बिटांची एडीसी चिप) लावून सतत मोडमधी सोडतात, १५० मायक्रोअँप चालूच. अरे सिंगल शॉटला (सांगितल्यावर एकदाच मोजणारा मोड) टाका, मोजून झालं की आपोआप झोपतो.

तासगावचा बागवाला
माझा तोच आहे, आणि सततच चालूय बहुतेक. संध्याकाळी कोड बघतो. नवीन चिप मात्र घेत नाही.

कुपवाडकर
नका घेऊ. पण मग "उपयोग नाही" असं सरसकट म्हणू नका, "माझ्या बागेत नाही" म्हणा.