मदत हवी आहे: क्लबचं वार्तापत्र छापायचं की पीडीएफ? (रविवारच्या आत सांगा)

लिफाफा_२२
आमच्या क्लबचं त्रैमासिक वार्तापत्र निघतं. यंदा छपाई झेपत नाहीये. अर्धे म्हणतात व्हॉट्सॲपवर टाका, अर्धे म्हणतात कागदच हवा. रविवारी मीटिंग आहे आणि सगळं माझ्या गळ्यात. पुण्यात स्वस्तात कुठे छापून मिळेल? लवकर सांगा प्लीज.

पेठकर
कसला क्लब? किती प्रती? किती पानं? रंगीत का? अप्पा बळवंत चौकात जाऊन असं मोघम विचारलंत तर दुकानदार मान वर करून बघणार नाही.

चहा_कटिंग
तसाही बघत नाही.

कुंडीतली_मिरची
डिजिटल! आमच्या गच्चीबाग ग्रुपने कधीच कागद सोडला. कडुनिंबाच्या पेंडीवरचा अंक हवा असेल तर पाठवते.

लिफाफा_२२
पेंड नको, ताई. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचा क्लब आहे. १४० प्रती, १० पानं, मधली २ रंगीत.

खिळे_जुळवणारा
१० पानं मध्ये पिन मारून होत नाहीत. ४ च्या पटीत लागतात. ८ करा नाहीतर १२. आणि १४० प्रतींना ऑफसेटच्या (प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईच्या) नादी लागू नका, प्लेटांचाच खर्च अंगावर येतो. काळी पानं रिसोवर (स्टेन्सिलवर चालणाऱ्या छपाई मशीनवर) काढा, मधल्या शीटची आतली बाजू तेवढी रंगीत डिजिटल प्रिंट.

पेठकर
रिसोवर तिकिटांचे फोटो म्हणजे डांबर.

खिळे_जुळवणारा
फोटो मधल्या पानांवर आहेत हो. वाचा की नीट.

युनिकोडवाला
मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात आहे की युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या मराठीत? जुन्या फाँटात असेल तर पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. आणि व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो टाकू नका. ते आवळले जातात, तिकिटाची दातेरी कड दिसत नाही. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा, स्कॅन ३०० डीपीआय.

लिफाफा_२२
पेजमेकरमध्ये (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) करतात. फाँट कुठला ते आमच्या काकांनाच माहीत.

युनिकोडवाला
पेजमेकर म्हणजे युनिकोड नाहीच. संपलं.

अडगळीची_खोली
तिकीटवाले भेटलेच आहेत तर विचारतो. आजोबांच्या अल्बममध्ये १९४८ चं गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट आहे. लाखोंना जातं म्हणे?

लिफाफा_२२
त्यावर 'SERVICE' (म्हणजे सरकारी वापराचं) असं छापलंय का? तशी १०० च होती, लाखांच्या गोष्टी त्यांच्या. साधं असेल तरी जपा, गोंद लावून चिकटवू नका. माझ्या प्रश्नाचं बघा ना कुणीतरी!

चहा_कटिंग
तिकीटवाल्यांनाच टपाल नको झालंय, हे भारी आहे.

लिफाफा_२२
तेच तर भांडण आहे. ४० अंक पोस्टाने जातात, पाकिटावर नवी तिकिटं लावून. ज्येष्ठ मंडळी ते पाकीट शिक्क्यासकट फाईलला लावतात. अंक उघडतात की नाही, देव जाणे.

पेठकर
मग त्या ४० जणांपुरताच छापा, बाकीच्यांना पीडीएफ. ४० प्रतींना रिसोसुद्धा नको, साधी झेरॉक्स पुरे.

कुंडीतली_मिरची
किंवा नुसतं पाकीटच पाठवा 😄

लिफाफा_२२
हसू नका, मागच्या मीटिंगला एका काकांनी खरंच हे सुचवलं होतं. बरं, ८ पानं करतो. झेरॉक्सवाले मधली पिन मारून देतात का?