शब्दचर्चा : ‘स्टॅकिंग’ला चवड म्हणावे, रास म्हणावे की आणखी काही?

प्रश्न

सोलापूर शहराच्या उजेडापासून दूर, नान्नजच्या बाजूच्या माळावर किंवा हिप्परग्याच्या तलावाकाठी जाऊन रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी मी मराठीत एक टिपण लिहीत आहे आणि ‘स्टॅकिंग’ व ‘फोरग्राउंड’ (चित्रात आकाशासमोर दिसणारी जमीन, झाडे वगैरे) या दोन शब्दांपाशी अडलो आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून एकाच दिशेची १६ छायाचित्रे, प्रत्येकी १५ सेकंदांची, लागोपाठ घ्यायची आणि नंतर संगणकावर ती एकावर एक ठेवून त्यांतून एकच स्वच्छ चित्र तयार करायचे, अशी ‘स्टॅकिंग’ची कृती आहे. एका मित्राने ‘राशीकरण’ सुचवले, परंतु ते मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

‘राशीकरण’ पहिल्याप्रथम बाद करावे. आकाशाच्या संदर्भात रास म्हटली की वाचकाला मेष-वृषभच आठवणार; शिवाय खळ्यावरच्या शाळूच्या राशीत कोणता दाणा कुठे पडला याला महत्त्व नसते, येथे मात्र एका चित्रातील तारा दुसऱ्या चित्रातील त्याच ताऱ्यावर नेमका यावा लागतो. गंज कडब्याची असते. उतरंड मडक्यांची, आणि तीही वर जाताना लहान होत जाणारी. उरतात थप्पी आणि चवड. चादरींच्या दुकानात थप्पी आपण रोज पाहतो, पण तिच्यात वजन आणि जाडी अधिक जाणवते. सारख्या आकाराच्या पातळ, सपाट वस्तू कडेला कड जुळवून रचल्या की कागदांची किंवा भाकरींची चवड होते. म्हणून छायाचित्रांच्या समूहाला ‘चवड’ म्हणावे असे मला वाटते.

तरीही क्रियेचा प्रश्न सुटत नाही, कारण भाकरींच्या चवडीत फक्त वरची भाकरी दिसते, आणि येथे तर सोळाही चित्रे अखेरच्या चित्रात सारखी उतरलेली असतात. संगणक रचत नाही, सरासरी काढतो. अंधारात घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात जी रंगीत खरखर उमटते, ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी असते आणि तारा मात्र प्रत्येक चित्रात तोच असतो. त्यामुळे सरासरीत तारा टिकतो आणि खरखर विरते. हा लाभ चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो: चार चित्रांनी खरखर निम्म्यावर येते, १६ चित्रांनी पाव उरते, आणि ती आणखी निम्मी करायची तर ६४ चित्रे लागतात. हे सारे ‘रचणे’ या क्रियापदात मावत नाही. ‘एकवटणे’ हे आपले जुने क्रियापद येथे चपखल बसते: अनेकांचे मिळून एक होणे हाच त्याचा अर्थ आहे. चवड करावी आणि मग ती एकवटावी.

आता फोरग्राउंड. आकाश तासाला सुमारे १५ अंश फिरते, म्हणजे आपल्या १६ छायाचित्रांना लागणाऱ्या चार मिनिटांत एक अंश. पूर्ण चंद्राचा व्यास अर्ध्या अंशाचा धरला तर हे सरकणे दोन चंद्रांइतके होते. तारे जुळवले की समोरची बाभूळ फरफटते आणि बाभूळ जुळवली की तारे फरफटतात. म्हणून त्याच छायाचित्रांच्या दोन चवडी कराव्या लागतात, एक ताऱ्यांवर जुळवलेली आणि दुसरी जशीच्या तशी ठेवलेली, आणि त्या क्षितिजरेषेवर सांधाव्या लागतात. ‘सिक्वेटर’सारख्या चित्रे एकवटणाऱ्या संगणक-प्रणालीत आकाशाचा भाग रंगवून दाखवला की हे काम ती स्वतः करते. तिथल्या ‘फ्रीझ ग्राउंड’ या पर्यायाचे भाषांतर ‘जमीन गोठवा’ असे कृपया करू नये. उन्हाळ्यात आपल्या गावची जमीन काय गोठणार! ‘जमीन स्थिर ठेवा’ पुरेसे आहे. फोरग्राउंडलाही ‘पुरोभूमी’ वगैरे घडवण्यापेक्षा सरळ ‘जमीन’ म्हणावे.

दुसरा प्रतिसाद

चवडीला माझा पाठिंबा आहे, परंतु ताऱ्यांच्या लांब रेषा मुद्दाम उमटवल्या जातात त्या प्रकारासाठी ती चालणार नाही. तेथे सरासरी काढली तर रेषा फिकट होऊन जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून प्रत्येक बिंदूसाठी साऱ्या चित्रांतील सर्वांत उजळ नोंद तेवढी ठेवतात, आणि प्रत्येक नवे चित्र रेषेत थोडी भर घालते. रंगाऱ्याने एकावर एक हात द्यावेत तसे हे आहे, म्हणून मी त्याला ‘पुटे चढवणे’ म्हणेन. सोलापुरातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंशांवर दिसत असल्याने रुंद भिंगात जमीन आणि ध्रुव दोन्ही सहज मावतात, आणि तासाभरात प्रत्येक तारा त्याच्याभोवती १५ अंशांचा कंस काढतो. या रेषांना ‘ताऱ्यांचे माग’ हा सुंदर शब्द आहे, फक्त आपल्याकडे तो वापरला की कोणीतरी हातमाग की यंत्रमाग असे विचारणारच.

‘जमीन’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. प्रश्नकर्त्यांनी हिप्परग्याच्या तलावाचा उल्लेख केला आहे. पाणी निश्चल असेल तर त्यात ताऱ्यांची प्रतिबिंबे असतात, आणि ती आकाशाच्या उलट चालतात: वर चढणारा तारा पाण्यात खाली उतरताना दिसतो. त्यामुळे पाणी ना आकाशाच्या चवडीत जुळते, ना स्थिर जमिनीच्या. त्याला काय म्हणणार?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. ‘चवड’, ‘एकवटणे’ आणि रेषांसाठी ‘पुटे’ हे तिन्ही शब्द टिपणात घेत आहे. पाण्याचा मुद्दा रास्त असल्याने ‘जमीन’ऐवजी ‘अग्रदृश्य’ लिहितो, आणि प्रतिबिंबे असतील तेथे पाण्याचा पट्टा चवडीतून न घेता एकाच छायाचित्रातून घ्यावा, खरखर राहिली तरी चालेल, अशी सूचना जोडतो. आणखी एक शब्द हवा आहे: भिंगावर झाकण ठेवून, तेवढ्याच वेळाचे जे काळे छायाचित्र घेतात आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करण्यासाठी वापरतात, त्याला मी तूर्तास ‘झाकणचित्र’ असे लिहिले आहे. याहून बरा शब्द असल्यास कळवावा.