मॉड्यूल मॉक ठेवायचा की हद्दपार करायचा?

ऐरोलीकर
ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमध्ये टाइपस्क्रिप्टच्या टेस्ट लिहिणाऱ्यांसाठी हा धागा. मॉड्यूल मॉक म्हणजे टेस्टपुरतं खऱ्या मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या फाईलच्या, जागी नकली उभं करणं; जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात ते ‘जेस्ट.मॉक’ने होतं. ते लिहूनही खरं मॉड्यूलच चालतं, म्हणून मॉड्यूल मॉकच बंद करा, असं मत वरचेवर कानावर येतं. मला ते साफ अमान्य आहे. दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. जेस्ट.मॉकची ओळ इम्पोर्टच्या वर नेण्याचं काम कोड रूपांतरित करणारं साधन करतं: बेबल-जेस्ट, टीएस-जेस्ट किंवा एसडब्ल्यूसीचं जेस्ट पॅकेज. म्हणून आधी कॉन्फिगमधलं ‘ट्रान्सफॉर्म’ बघा. तिथे नुसतं ईएसबिल्ड हे साधन असेल तर ओळ वर जातच नाही.

ओळ वर गेली की पुढची अडचण येते. फॅक्टरी, म्हणजे नकली मॉड्यूल बनवून देणारं फंक्शन, चालते तेव्हा बाहेरचं कॉन्स्ट व्हेरिएबल तयारच नसतं, त्यामुळे रेफरन्स एरर येते. नावाची सुरुवात ‘मॉक’ने केली की बाहेरचं व्हेरिएबल वापरल्याची तक्रार करणारं बेबलचं प्लगइन गप्प बसतं, पण व्हेरिएबल काही आधी तयार होत नाही. जेस्ट.एफएन, म्हणजे नकली फंक्शन, फॅक्टरीच्या आतच बनवा. मग टेस्टमध्ये ते फंक्शन इम्पोर्ट करून ‘जेस्ट.मॉक्ड’मधून घ्या आणि मॉकरिटर्नव्हॅल्यूने त्याला हवं ते उत्तर द्या.

घोडबंदर रोड
उपाय बरोबर, निष्कर्ष चूक. जेस्ट.मॉक्ड फक्त टाइप बदलतं, चालताना काहीही करत नाही. समजा ठाणे–वाशी भाडं देणारं फंक्शन आहे. टेस्टने ‘भाडे/इंडेक्स’ मॉक केलं आणि कोडने ‘भाडे/क्लायंट’ थेट इम्पोर्ट केलं, तर कंपायलर खूश आणि कॉल मात्र खऱ्या सर्व्हरला! त्याहून वाईट म्हणजे, खरं फंक्शन उद्या रुपयांऐवजी पैशांत आकडा देऊ लागलं आणि फील्डचं नावही बदललं, तरी फॅक्टरी जुनाच ऑब्जेक्ट देत राहते आणि टेस्ट हिरवी. त्यापेक्षा भाडं आणणारी सेवा कोडला पॅरामीटर म्हणून द्या. टेस्टमध्ये त्याच इंटरफेसचा साधा ऑब्जेक्ट द्यायचा, फील्ड चुकलं तर कंपायलर तिथेच अडवतो.

ऐरोलीकर
टाइपचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी मॉक सोडायला नको. जेस्ट.मॉकला ‘टाइपऑफ इम्पोर्ट’ जेनेरिक, म्हणजे खऱ्या मॉड्यूलचा टाइप, द्या, फॅक्टरीही तपासली जाते. मात्र टीएस-जेस्टचं डायग्नोस्टिक, म्हणजे टाइप तपासणी, चालू हवं. बेबल आणि एसडब्ल्यूसी टाइप नुसते पुसतात, तिथे सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, फक्त टाइप तपासणारं ‘टीएससी --नोएमिट’ वेगळं चालवा. डिफॉल्ट एक्स्पोर्ट असेल तर फॅक्टरीत आधी दोन अंडरस्कोर लावून ‘ईएसमॉड्यूल: ट्रू’ लिहा, नाहीतर डिफॉल्टच्या जागी अख्खा ऑब्जेक्ट हाती येतो. आणि मॉक एकदम अनडिफाइन्ड देऊ लागला तर कॉन्फिगमध्ये ‘रीसेटमॉक्स’ शोधा: प्रत्येक टेस्टआधी ते फॅक्टरीतलं इम्प्लिमेंटेशन पुसतं. इम्प्लिमेंटेशन बिफोरईचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या भागात, द्या.

सीवूड्स
तुमचं क्रमाचं गणित कॉमनजेएसपुरतं, म्हणजे नोडच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीपुरतं. नेटिव्ह ईएसएममध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या मॉड्यूल पद्धतीत, स्टॅटिक इम्पोर्ट आधीच जोडले जातात, ओळ वर नेऊन भागत नाही. तिथे ‘अनस्टेबल_मॉकमॉड्यूल’ आणि त्यानंतर ‘अवेट इम्पोर्ट’ हाच क्रम लागतो. नावातच अनस्टेबल असलेल्या एपीआयवर टेस्ट उभ्या करणं मला पटत नाही. व्हायटेस्ट या जेस्टसारख्याच साधनावर असाल तर ‘व्हीआय.हॉइस्टेड’मध्ये व्हेरिएबल बनवा, फॅक्टरीला ते वेळेत मिळतं.

घोडबंदर रोड
आणि एकाच फाईलमधलं फंक्शन दुसऱ्याला बोलावत असेल तर? तो कॉल मॉड्यूलच्या एक्स्पोर्टमधून जातच नाही, आतल्या आतच होतो. जेस्ट असो वा व्हायटेस्ट, मॉक तिथे पोहोचत नाही. शेवटी फाईल फोडायची किंवा पॅरामीटर द्यायचा, मग सुरुवातीलाच का नको?

ऐरोलीकर
आपल्या कोडला द्या की. पण थर्ड-पार्टी लायब्ररी इम्पोर्ट होतानाच कनेक्शन उघडत असेल तर पॅरामीटर येईपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे मॉड्यूल मॉकच लागतो.