आंबवलेला हॉट सॉस: मीठ, पीएच, फुटणारं पाणी आणि बाजारातल्या तिखटाशी तुलना

लालबाटली
एका वेळी १ ते २ किलो ताज्या लाल मिरचीचा आंबवलेला सॉस, एवढ्याच प्रमाणाबद्दल विचारतेय. तीन शंका आहेत. मीठ नेमकं किती आणि आंबवण झालं हे कशावरून ठरवायचं? दुसरं, बाटलीत भरल्यावर दोन दिवसांत पाणी वर येतं आणि गर खाली बसतो. बाजारातला सॉस महिनोन्‌महिने एकजीव कसा राहतो? तिसरं, कारखान्यातला तिखट पदार्थ कधीही घ्या, तिखटपणा तोच. घरगुती दोन बॅचमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यांना हे कसं जमतं, आणि आपण त्याच्या मागे लागावं का?

मीठमोजून
मिठापासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चमच्याने मोजायचं नाही. जाडं मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याच्या वजनात बराच फरक असतो. देठ काढलेली मिरची, लसूण, जे काही बरणीत जाणार आहे त्या सगळ्याचं एकत्र वजन करा आणि त्याच्या २.५ टक्के मीठ घ्या. १००० ग्रॅम मिरची आणि १०० ग्रॅम लसूण असेल तर २७.५ ग्रॅम. वाटलेल्या लगद्याऐवजी मिरचीचे तुकडे खाऱ्या पाण्यात ठेवणार असाल तर पाण्याचं वजनही हिशेबात धरा आणि ३ टक्क्यांवर जा: ६०० ग्रॅम मिरची, ५०० ग्रॅम पाणी, ३३ ग्रॅम मीठ. बहुतेकांचं इथेच चुकतं. फक्त पाण्याच्या टक्क्याने मीठ घातलं की ते मिरचीत मुरतं आणि प्रत्यक्ष प्रमाण निम्म्यावर येतं.

२ टक्क्यांच्या खाली नको असलेले जिवाणू आणि बुरशी यांना वाव मिळतो. ५ च्या वर गेलात तर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणूच मंदावतात आणि सॉस खारट होतो तो वेगळाच.

बरणीचा वरचा पाव भाग रिकामा ठेवा. लगदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वायूने फुगून वर चढतो आणि झाकणातून बाहेर येतो. जागा १८ ते २४ अंशांची, उन्हापासून दूर. लगदा रोज स्वच्छ चमच्याने खाली दाबा, तुकडे असतील तर वर काचेचं वजन ठेवा. हवेला उघडा पडलेला तुकडा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

वर सपाट, पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा आला तर ते यीस्ट आहे. काढून टाका, त्याने धोका नाही, पण राहू दिलं तर शिळकट वास येतो. केसाळ, हिरवं, काळं किंवा गुलाबी काही दिसलं तर सगळी बरणी टाकून द्यायची. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, तंतू आत गेलेले असतात. लसूण निळसर-हिरवी झाली तर मात्र घाबरू नका, आम्लात तिच्यातल्या गंधक संयुगांमुळे तसं होतं.

आता ‘झालं’ कशावरून? बुडबुडे थांबले म्हणून नाही, पीएचवरून, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या आकड्यावरून; तो जितका कमी तितकं आंबट. ४.६ च्या वर बोटुलिनमचे जिवाणू विष तयार करू शकतात, म्हणून पहिल्या ३ ते ५ दिवसांत आकडा त्याच्या खाली यायलाच हवा. दोन-तीन आठवड्यांत तो साधारण ३.५ ते ३.८ वर स्थिरावतो. कागदी पट्ट्यांच्या नादी लागू नका, मिरचीच्या लाल रंगात पट्टीचा रंग वाचता येत नाही. साधा पीएच मीटर घ्या आणि मोजणीच्या आधी ४ आणि ७ च्या द्रावणांत जुळवून घ्या. वरच्या पाण्यात न बुडवता वाटून एकजीव केलेल्या गरात बुडवा.

बारीकचाळण
दुसऱ्या शंकेचं उत्तर दोन टप्प्यांत आहे, आणि बहुतेक जण पहिला टप्पा गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात.

आधी कण बारीक करा. आंबवलेला गर आणि त्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के व्हिनेगर (५ टक्के आम्लतेचं) मिक्सरमध्ये सलग ३-४ मिनिटं फिरवा, मधे भांडं गरम झालं तर थांबा. मग बारीक चाळणीवर उलथन्याने दाबून गाळा. चाळणीत राहिलेला सालींचा आणि बियांचा चोथा वाळवून दळला की छान आंबूस तिखट होतं, फेकू नका.

एवढ्यानेही पाणी सुटत असेल तर झँथन गम, म्हणजे सॉस दाट करणारी पूड. बाजारातल्या कितीतरी बाटल्यांच्या एकजीवपणामागे तोच आहे. प्रमाण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅम सॉसला अर्धा ते एक ग्रॅम. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. पूड थेट सॉसवर टाकलीत तर तिचे माशाच्या डोळ्यासारखे गोळे होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरडे, ते पुन्हा सुटत नाहीत. रेसिपीत साखर असेल तर पुडीच्या दहापट साखरेत ती आधी मिसळा, नसेल तर थोड्या तेलात कालवा, मग मिक्सर चालू असताना बारीक धारेने सोडा. ०.३ च्या पुढे गेलात की सॉस चमच्यावरून तुटत नाही, लाळेसारखा ओघळतो.

गम घातल्यावर हवेचे बुडबुडे आत अडकतात, सॉस फिकट दिसतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग भरा.

तिखटकाटा
तिसरा प्रश्न सर्वांत रंजक आहे. कारखान्यात रंग आणि तिखटपणा या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. लाल रंग पॅप्रिका ओलिओरेझिनमधून, म्हणजे सौम्य लाल मिरचीच्या दाट तेलकट अर्कातून येऊ शकतो, ज्यात तिखटपणा जवळजवळ नसतो. तिखटपणा मिरचीच्या ओलिओरेझिनमधून येतो, त्यातलं कॅप्सायसिन (तिखटपणा देणारं संयुग) यंत्राने मोजलेलं असतं. हा अर्क मीठ किंवा माल्टोडेक्स्ट्रिनवर (स्टार्चपासून बनवलेल्या पुडीवर) चढवून मसाल्यात ठरल्या मात्रेने घातला की प्रत्येक पाकीट सारखं. त्या बदल्यात मिरचीचा फळासारखा वास जातो. नुसत्या अर्कावर तिखट केलेल्या सॉसमध्ये घशाशी एक कडवट, धातूसारखी चव रेंगाळते, ती एकदा ओळखू आली की पुढे चुकत नाही.

लेबलवरच्या स्कोव्हिल आकड्यावर, म्हणजे तिखटपणाच्या मापावर, भाळू नका. तो बहुधा मिरचीचा असतो, तोही वाळलेल्या वजनावर. समजा मिरची २,००,००० ची आहे. ताज्या मिरचीत साधारण ९० टक्के पाणी, म्हणजे ताज्या वजनावर २०,००० उरले. सॉसमध्ये ती ४० टक्के असेल तर बाटलीत ८,०००.

छोट्या बॅचमध्ये सारखेपणा हवा असेल तर एकाच लगद्यावर अवलंबून राहू नका. एक सौम्य लगदा आणि एक जहाल लगदा वेगळे आंबवा आणि भरताना मिसळा. तिखटपणा मुख्यतः बियांत नसून आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, त्यामुळे शिरा किती काढल्या यावरही खूप ठरतं. तपासायला मागच्या बॅचची एक बाटली फ्रिजमध्ये राखून ठेवा. दोन्ही सॉस ५ ग्रॅम घेऊन ९५ ग्रॅम साखरपाण्यात मिसळा आणि शेजारी-शेजारी चाखा. विल्बर स्कोव्हिलने १९१२ मध्ये साखरपाण्यात पातळ करून चाखण्याचीच पद्धत वापरली होती. दोन घोटांमध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर जीभ बधिर होऊन दुसरा सॉस सौम्यच वाटतो.

बारीकचाळण
तिखटकाटा, एक दुरुस्ती. ‘कारखान्यातलं म्हणजे अर्काचं’ असा समज व्हायला नको. टॅबॅस्को १८६८ पासून लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर बनतो. मिरचीचा लगदा मीठ घालून ओकच्या पिंपांत मुरवतात, कधी ३ वर्षांपर्यंत, मग व्हिनेगर. वापरतात मिरची, मीठ आणि व्हिनेगर एवढंच. त्यात गम नाही, म्हणून तो पातळ असतो आणि थेंबाथेंबाने पडतो. तेव्हा प्रश्न बॅच छोटी की मोठी याचा नाही. वेळ कुणी दिला आणि वेळेऐवजी काय घातलं, ते बघायचं.

तिखटकाटा
मान्य. माझं म्हणणं अर्क वापरणाऱ्यांपुरतंच घ्या, तिखट पाकिटं त्यात मोठ्या प्रमाणावर येतात.

लालबाटली
शिरांचं आणि दोन लगद्यांचं पटलं, तसंच करते. एक राहिलं. आंबवण झाल्यावर अननस घालायचा विचार आहे. चालेल?

मीठमोजून
चालेल, पण मग उकळल्याशिवाय भरू नका. जिवंत आंबवणात साखर गेली की जिवाणू आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतात आणि बंद काचेच्या बाटलीत वायू कोंडतो. बाटली फुटू शकते. कच्चा ठेवायचाच असेल तर फक्त फ्रिजमध्ये, झाकण सैल, थोड्या दिवसांत संपवायचा.

उकळायची पद्धत अशी: अननस वाटून मिसळा, पीएच पुन्हा मोजा, ३.८ च्या वर असेल तर व्हिनेगर वाढवा. झाकण ठेवून, खिडकी उघडी ठेवून तापवा. उघड्या भांड्यातून व्हिनेगर आणि कॅप्सायसिनची वाफ घशात गेली की ठसका आवरत नाही. ८५ अंश झाले की ते तापमान १० मिनिटं टिकवा. बाटल्या आधी गरम करून घ्या, गार काचेत ८५ अंशांचा सॉस ओतला तर तडा जातो. सॉस गरम असतानाच भरा, झाकण लावून लगेच २-३ मिनिटं उलट्या ठेवा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. नायट्राइलचे हातमोजे चाळण धुऊन होईपर्यंत काढू नका.