विंडोज ७ वर अडकलेल्या क्रोम १०९ ला सपोर्ट द्यायचा का, आणि किती?

कोरी_पाटी
प्रवेश अर्जाची साइट आहे: चार पानी फॉर्म, फोटो-सही अपलोड, फी भरणा आणि शेवटी पावतीची पीडीएफ. बरेच अर्ज सायबर कॅफेतून येतात. तिथल्या पीसीवर विंडोज ७ आणि क्रोम १०९; त्यापुढचा क्रोम त्या विंडोजवर बसतच नाही. फोनमध्ये अँड्रॉइड ६-७ आणि आयओएस १२ वरचे आयफोनही दिसतात. नव्या डिझाइनला टेलविंड ४ (तयार सीएसएस क्लासचं फ्रेमवर्क) घेतलंय. आता तक्रारी येतायत: बटणांचे रंग गायब, पावती उघडत नाही, काही फोनवर "पुढे" दाबलं तर काहीच होत नाही. टीममध्ये दोन मतं आहेत. एक म्हणतं, जुना ब्राउझर असुरक्षित, सरळ अडवा. दुसरं म्हणतं, सगळीकडे सगळं चाललंच पाहिजे. रेषा कुठे आखायची, आणि बिल्डमध्ये नेमकं काय बदलायचं?

खटका_बटण
अडवू नका. अर्जाला मुदत असते आणि कॅफेतला पीसी अर्जदाराचा नसतो; "ब्राउझर अपडेट करा" हा संदेश त्याच्या काय कामाचा? पण सगळीकडे सगळं सारखं दिसायलाही नको. अर्ज भरून पावती हातात पडणं हा तळ धरा. बाकीचं काय मोडतं त्यावर ठरवा.

अनोळखी एचटीएमएल टॅग ब्राउझर सोडून देतो. सीएसएसची न कळलेली ओळही गाळतो. जावास्क्रिप्टचं तसं नाही. फाइलमध्ये एक जरी अनोळखी सिंटॅक्स (भाषेची लिहिण्याची रचना) असलं, तरी अख्खी फाइल पार्स होत नाही, तिच्यातलं काहीच चालत नाही. ऑप्शनल चेनिंग (?.) क्रोम ८० आणि सफारी १३.१ पासून आलं. आयओएस १२ वर ते एका ठिकाणी आलं की "पुढे" मुकं होणारच. स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल लावल्याने हे टळत नाही, कारण मॉड्यूल सफारीला १०.१ पासूनच कळतात. जुना सफारी फाइल उतरवतो आणि मग अडखळतो.

म्हणून ब्राउझर्सलिस्टमध्ये (बिल्डने कुठल्या ब्राउझरसाठी कोड बनवायचा त्याची यादी) क्रोम १०६ (अँड्रॉइड ६ वर तोच शेवटचा), फायरफॉक्स ११५ आणि आयओएस १२ स्पष्ट लिहा. "लास्ट २ व्हर्जन्स"वर विसंबू नका. व्हिट या बिल्ड साधनाचं डिफॉल्ट टार्गेट सातव्या आवृत्तीत क्रोम १०७ आणि सफारी १६ आहे, तेव्हा आयओएस १२ साठी त्याचा लेगसी प्लगइन लागेल. बिल्डला वेबपॅक असेल तर बेबल-लोडरच्या (नवा कोड जुन्या सिंटॅक्समध्ये बदलणारा, म्हणजे ट्रान्सपाइल करणारा भाग) सेटिंगमध्ये नोड-मॉड्यूल्स, म्हणजे बाहेरून घेतलेली पॅकेजेस, सरसकट वगळलेले असतात ते तपासा. तुमचा कोड नीट ट्रान्सपाइल होतो आणि एखादं छोटं पॅकेज कच्चं ?. घेऊन बाहेर पडतं, हे फार वेळा होतं. बिल्डनंतर तयार फाइलवर ईएस-चेक (नवं सिंटॅक्स राहिलंय का बघणारं साधन) चालवा, म्हणजे ते तिथेच पकडलं जाईल.

सिंटॅक्स वेगळं आणि मेथड वेगळी. टू-सॉर्टेड ही मेथड क्रोम ११० मध्ये आली, म्हणजे तुमच्या १०९ ला एका आवृत्तीने हुकली. तिथे फाइल पार्स होते, पण त्या ओळीवर एरर येते. त्यावर कोअर-जेएस लायब्ररीचा पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली मेथड भरून देणारा कोड) पुरतो. पावतीचंही बहुधा हेच असणार: ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवणारी पीडीएफ.जेएस ४ ही लायब्ररी वापरत असाल, तर ती प्रॉमिस.विथ-रिझॉल्व्हर्स ही मेथड वापरते, ती क्रोम ११९ ची. त्याच पॅकेजमधला लेगसी (जुन्या ब्राउझरसाठीचा) बिल्ड लावा, मुख्य फाइल आणि वर्करची (मागे चालणारी स्क्रिप्ट) फाइल दोन्ही. किंवा पावती सर्व्हरवरच बनवून साधी डाउनलोड लिंक द्या. माझं मत त्यालाच.

पॉलिफिल मात्र स्वतःच्या सर्व्हरवरून. पॉलिफिल.आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि जूनमध्ये त्यावरून हजारो साइटवर घातक कोड गेला.

उतरती_मात्रा
रंगांबद्दल. टेलविंड ४ ची किमान अट क्रोम १११, सफारी १६.४, फायरफॉक्स १२८ आहे. त्याचे मूळ रंग ओकेएलसीएच या रंग लिहिण्याच्या नव्या पद्धतीत लिहिलेत आणि पारदर्शकता कलर-मिक्स या सीएसएस फंक्शनवर चालते. क्रोमला दोन्ही १११ पासून कळतात. या प्रोजेक्टसाठी ३.४ वर परत या.

हाताने सीएसएस लिहिणाऱ्यांसाठी एक सापळा. आधी हेक्स रंग, खाली ओकेएलसीएच हा फॉलबॅक (नवं कळलं नाही तर जुनं वापरण्याची सोय) साध्या प्रॉपर्टीला चालतो. व्हेरिएबलमध्ये तो फसतो, कारण व्हेरिएबल कुठलीही किंमत मुकाट्याने ठेवून घेतं आणि चूक वापरताना उघडी पडते. तोवर आधीची हेक्स ओळ गेलेली असते, बॅकग्राउंड पारदर्शक होतं. मूळ व्हेरिएबल हेक्समध्ये ठेवून ओकेएलसीएचची व्याख्या ॲट-सपोर्ट्सच्या (ब्राउझरला कळत असेल तरच लागू होणारा सीएसएस नियम) आत घाला.

नेस्टिंगही (सीएसएस नियमाच्या आत नियम) बिल्डमध्ये पोस्ट-सीएसएस या साधनाने सपाट करून घ्या. ते क्रोम ११२ चं आहे. १०९ आतला नियम तर टाकतोच, पण पुढच्या अर्धविरामापर्यंतचं सगळं गिळतो, म्हणजे त्याखालची निर्दोष ओळही जाते. ही चूक शोधताना घाम फुटतो, कारण मोडलेली ओळ आणि चुकीची ओळ वेगळ्या असतात.

दारावरचा_सर्व्हर
अँड्रॉइड ६ वर वरचं सगळं करूनही साइट उघडणार नाही, अशी शक्यता आहे. साइटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था) आहे का? त्यांचं आयएसआरजी रूट एक्स१, म्हणजे फोन ज्यावर विश्वास ठेवतो ते मूळ सर्टिफिकेट, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच सिस्टीममध्ये आहे. जुन्या फोनसाठीची क्रॉस-साइन सोय (दुसऱ्या जुन्या रूटची सही) ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. पूर्ण पानाची सर्टिफिकेट चेतावणी दिसली तर कारण बहुधा हेच. आधी फोनची तारीख बरोबर आहे ना ते पाहा. तुमच्या हातात उपाय एकच: जुन्या रूटपर्यंत साखळी जाते अशा सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट घेणं. अर्जदार फायरफॉक्स वापरू शकतो, त्याचा रूट संच स्वतःचा असतो.

इथे एक गोष्ट सोडू नका. कुणासाठीही टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) १.० किंवा १.१ चालू करू नका. फी भरणा आहे. १.२ हा तळ, त्याखालचा ब्राउझर बाहेर राहिला तरी चालेल.

आणि जुने ब्राउझर किती येतात याची मोजणी ॲनालिटिक्सवरून (पानावरच्या स्क्रिप्टने भेटी मोजणं) करू नका. जिथे स्क्रिप्टच मोडते तो ब्राउझर ॲनालिटिक्समध्ये येतच नाही, म्हणजे ज्याला अडचण आहे तोच गायब. सर्व्हरचा ॲक्सेस लॉग घ्या. क्रोमने १०७ पासून यूजर-एजंटमधला (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) विंडोजचा आकडा १०.० वर गोठवायला सुरुवात केली, म्हणून तो न बघता १०९ हा आवृत्तीचा आकडा धरा. बॉटही जुन्या क्रोमचं नाव लावतात. सीएसएस आणि फॉन्ट न मागणाऱ्या भेटी वगळा.

कोरी_पाटी
लेट्स एन्क्रिप्टच आहे. सुरक्षेवर अडलेल्यांना काय सांगू? कॅफेवाल्यांना फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) टाकायला सुचवलं तर?

खटका_बटण
सुचवा. क्रोम १०९ ला अपडेट नाहीत. विंडोज ७ साठी ११५ ईएसआरला मात्र मोझिलाने नेहमीची मुदत संपल्यावरही सुरक्षा अपडेट देणं वाढवत नेलं. पण विंडोज स्वतः १४ जानेवारी २०२० पासून उघडीच आहे, तेव्हा सामायिक पीसी म्हणून सेशन लवकर संपवा, फॉर्मला ऑटोफिल बंद ठेवा, "लक्षात ठेवा"चा चौकोनच काढा. ब्राउझर अडवून यातलं काहीच साधत नाही.

मात्र ११५ ला :हॅज (आत काय आहे त्यावरून घटक निवडणारा सीएसएस सिलेक्टर) कळत नाही, ते फायरफॉक्स १२१ मध्ये आलं. क्रोम १०९ ला कळतं. चुकलेला रकाना लाल करायला :हॅज वापरलं असेल तर तिथे स्क्रिप्टने क्लास लावा.

तपासणीसाठी प्लेराइट (ब्राउझरमध्ये आपोआप टेस्ट चालवणारं साधन) १.२९ वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. त्यासोबत क्रोमियम १०९ च येतो. अर्ज, अपलोड आणि पावतीची एक टेस्ट त्यावर प्रत्येक रिलीजआधी चालवा.