मोनेरोतले सुट्टे पैसे

मोनेरो हे व्यवहार झाकून ठेवणारं डिजिटल चलन. ‘बिटकॉइन निनावीच आहे, मग मोनेरो कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्यातलं गृहीतक चुकतं. बिटकॉइनची खातेवही साऱ्या जगाला उघडी असते. एखादा पत्ता, म्हणजे खातेक्रमांकासारखी ओळख, तुमचा आहे हे दुकानदाराला एकदा कळलं, की त्यावरचे मागचे-पुढचे व्यवहार त्याला दिसतात. वाण्याला पैसे देताना आपण पासबुक त्याच्या हातात देतो का?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या मोनेरोत दर व्यवहाराला घेणाऱ्यासाठी नवा, एकदाच वापरायचा पत्ता बनतो. रक्कम झाकलेली असते. खर्च होणाऱ्या खऱ्या नाण्याभोवती, म्हणजे आधी आलेल्या एका रकमेभोवती, खातेवहीतली आणखी १५ नाणी उभी केली जातात. सोळातलं खरं कुठलं, हे नुसत्या खातेवहीकडे बघून सांगता येत नाही.

रोजच्या वापरात मात्र एक गोष्ट नवख्याला फार छळते. आलेले पैसे १० ब्लॉक (खातेवहीत भर पडणारे व्यवहारांचे गठ्ठे), म्हणजे साधारण २० मिनिटं, पुढे खर्चता येत नाहीत. नाणं नेहमी अख्खंच खर्च होतं आणि उरलेले सुट्टे आपल्याच पाकिटात, म्हणजे वॉलेट अ‍ॅपमध्ये, परत येतात; त्यांनाही हाच नियम. पाकिटात एकच मोठं नाणं असेल, तर एका दुकानातून निघून शेजारच्या दुकानात तुम्ही अडकलात. म्हणून घरूनच स्वतःला चार-पाच वेगळ्या रकमा पाठवून ठेवा. मी हे प्रत्येक नवख्याला कळकळीने सांगतो.

आणि भारतात असाल तर हिशेब ठेवा. नाणं देऊन वस्तू घेणं हेही हस्तांतरणच, आणि त्यातल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे.